फ्लोराचे कारंजे आणि सौंसरचा कापूस

मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीतल्या मराठी माणसाला मुंबईच्या फ्लोरा फाउंटनशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केला तर वरवर पाहता त्याला उत्तर नाही. कारण ज्या राज्याच्या राजधानीत ते कारंजे उभे आहे त्या राज्याचे आम्ही रहिवासी नाही, आणि ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी त्या कारंज्याच्या परिसरात माणसे गोळ्या झेलून पडली त्या महाराष्ट्राच्या नकाशात आमच्या तहसिलीला जागा मिळाली नाही. असे असूनही जामसांवलीच्या हनुमंताच्या दर्शनाला आलेल्या दोन वयोवृद्ध गृहस्थांमध्ये या कारंज्यावरून जो वाद मी ऐकला, तो ऐकल्यावर मला वाटू लागले की, मुंबईकरांनी या दगडाकडे जितक्या दुरून पाहिले असेल त्याहून आम्ही त्याच्या अधिक जवळ आहोत, आणि ही जवळीक सगळीच सुखाची नाही.

वाद घालणाऱ्यांपैकी एक सौंसरच्या कचेरीत आणि कोर्टात हयात घालवलेले वकीलसाहेब. घराण्यात पूर्वी मालगुजारी होती, ती १९५१ साली गेली. संत्र्याची बाग राहिली आणि कागदपत्रांचा शोक राहिला. दुसरे मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वकीलसाहेब दर शनिवारी मारुतीला येणारे, तीर्थ श्रद्धेने घेणारे. गुरुजी वकीलसाहेबांच्या सोबतीसाठी येणारे आणि तीर्थ घेताना किंचित मिश्किल होणारे. दोघांची मैत्री जुनी असल्यामुळे एकमेकांचे खंडन करताना त्यांना भीड वाटत नाही.

निमित्त झाले ते वकीलसाहेबांच्या नातवाने मुंबईहून धाडलेल्या छायाचित्राचे. रात्रीच्या रोषणाईत न्हालेले ते कारंजे, माथ्यावर वस्त्रांच्या चुण्यांनी वेढलेली रोमन देवता, खाली शिंपल्यांची आणि सिंहमुखांची शिल्पे.

"गुरुजी," वकीलसाहेब म्हणाले, "ही फुलांची देवता म्हणे! ज्यांनी तिला पाण्याच्या फवाऱ्यावर उभी केली त्या साहेबमंडळीने संत्र्याची बाग कधी पाहिलेली दिसत नाही. आपल्याकडे आंबिया बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचे, आळी उघडी टाकायची, पाने पिवळी पडून गळू लागेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे, आणि मग बेताबेताने ओलीत द्यायचे, तेव्हा माघाच्या सुमारास कळी सुटते. फुलाचे मोल पाण्याच्या उधळपट्टीने कळत नसते."

गुरुजी हसले. "बागाईतदाराचे म्हणणे मान्य. पण मुळात ही बाई बागेसाठीच घडवलेली होती, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेने हे कारंजे योजले ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत उभारावे म्हणून. नॉर्मन शॉ नावाच्या विलायती वास्तुतज्ज्ञाने आराखडा केला, जेम्स फोरसिथ याने शिल्पे कोरली, पोर्टलंडचा दगड जहाजातून आला. त्या सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडवीत होता. तट गेले, चर्चगेट नावाचा दरवाजा गेला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागी, बागेऐवजी रस्त्याच्या मध्यावर, १८६९ साली ही देवता येऊन उभी राहिली. नावही आधी फ्रिअरसाहेबाचेच द्यायचे घाटत होते. ते मागे पडले आणि फ्लोरा उरली."

"आणि खर्च?" वकिलाचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो.

"सत्तेचाळीस हजार रुपये, त्यांपैकी वीस हजार करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थाने दिले."

"दिले, हे खरे. परंतु ते दिवस कोणत्या पैशाचे होते, ते सांगा." वकीलसाहेब सावरून बसले, आणि पुढची काही मिनिटे जणू सत्र न्यायालयासमोर उभे असल्याप्रमाणे बोलले. "१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि साऱ्या विलायतेची दृष्टी हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईत कापसाला असा भाव आला की, काल दलाली करणारा आज शेअरांचा सरदार झाला. हा कापूस मुंबईच्या बेटावर पिकत नव्हता. तो गुजरातेत पिकत होता, खानदेशात पिकत होता, वऱ्हाडात, हिंगणघाटच्या पेठेत आणि आपल्या या नागपूर प्रांताच्या रानात पिकत होता. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन उणीपुरी दहा वर्षे झाली होती. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली आली. तोवर ही सारी संपत्ती बैलगाड्यांच्या तांड्यांतून घाट उतरून गेली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईचे शेअरवाले धुळीस मिळाले. पण दरम्यान त्या शहराचे तट पडून रुंद रस्ते झाले, इमारती झाल्या, कारंजी झाली. आमच्या रयतेच्या पदरात काय पडले? सावकाराचे खत."

थोडे थांबून त्यांनी देवळाकडे हात केला. "या ठिकाणची आख्यायिका तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. मूर्ती पूर्वी उभी होती. तिच्याखाली गुप्तधन आहे असे समजून चोर खणायला आले, तेव्हा मारुतीराय त्या ठेव्यावर आडवे झाले, ते आजतागायत आडवेच आहेत. खरेखोटे मारुतीच जाणे. मला त्यात एक न्याय दिसतो. आमचा देव ठेव्यावर आडवा झाला. तुमची देवी आमच्या ठेव्यावर उभी राहिली."

हे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणले असावे असा मला संशय आहे. तथापि त्याचा परिणाम झाला, आणि गुरुजींसारखा बोलका गृहस्थ क्षणभर गप्प बसला. कापसाच्या तेजीचा इतिहास खोटा नाही. एवढेच की, एखाद्या शहराच्या प्रत्येक दगडाचा असा हिशेब मांडावयाचा ठरविले तर नागपुरातले भोसल्यांचे वाडेही कोणाच्या तरी चौथाईवरच उभे होते, ही गोष्ट वकीलसाहेब सोयीस्करपणे विसरले.

गुरुजींनी निराळ्या वाटेने चढाई केली. "बरे, ती लुटीच्या पैशावर उभी आहे असे धरून चालू. मग स्वराज्य आल्यावर तिला हलविली का नाही? तिच्यापासून चार पावलांवर सातवा एडवर्ड काळ्या घोड्यावर बसलेला होता. ससूनने १८७९ साली बसविलेला तो पुतळा १९६५ साली उचलला आणि नेला कुठे, तर त्याच राणीच्या बागेत, जिथे फ्लोरा जायची होती! बागेसाठी घडलेली देवता चौकात राहिली आणि चौकासाठी घडलेला राजा बागेत गेला. बागेचे नावही वीरमाता जिजाबाईंचे झाले. लोकांना राजा खुपला, ही बाई खुपली नाही. कारण ती कोणावर राज्य करीत नव्हती."

"खुपली नाही, कारण तिचा कोणाला उपयोगही नव्हता," वकीलसाहेब ताडकन म्हणाले. "ज्या पाण्याने तहान भागत नाही त्या पाण्याला कोण विचारतो? पाण्याचे खरे वैभव आपल्या मुलखात कसे होते, ते पाहा. मोहखेडकडे देवगडचा किल्ला आहे, गोंड राजांचा. आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या असे तिथले लोक अजून सांगतात; संख्या अतिशयोक्तीची असेल, पण झाडोऱ्यात गाडल्या गेलेल्या कित्येक बावड्या अलीकडे उपसून मोकळ्या केल्या, त्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. दगडी पायऱ्या, मधे विसाव्याची जागा, तळाशी गार पाणी. माणूस पाण्यापाशी खाली उतरून जातो, वाकतो, ओंजळ भरतो. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळाने शहरात आणून पेठोपेठी हौद बांधले, ते प्यायला. विलायती कारंजे पाणी वर उडविते ते कशासाठी? आम्ही पाणी वाया घालवू शकतो, हे दाखविण्यासाठी. ज्या मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले, आणि त्यापूर्वी ज्या शहराने भयंकर पाणीटंचाई सोसली, त्या शहराला ही ऐट अवघ्या नऊ वर्षांत सुचली!"

"सुंदर," गुरुजी म्हणाले. "पुण्याचे हौद तुम्ही काढलेत ते फार बरे झाले. त्या हौदांवर कोणी ओंजळ भरायची आणि कोणी भरायची नाही, याची वहिवाट काय होती? जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला तो १८६८ साली. फ्लोरा चौकात येण्यापूर्वी अवघे एक वर्ष. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, १९२३ साली, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झाला, पुढे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला, तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्याबद्दल लोकांची डोकी फुटली. तुमची बावडी खोल होती, गार होती, पण तिच्या पायऱ्यांवर पहारा होता. या विलायती बाईच्या पाण्याने कोणाची तहान भागली नसेल. परंतु तिच्या कठड्याशी उभे राहणाऱ्याला कोणी जात विचारली नाही."

मी या ठिकाणी मनोमन गुरुजींच्या बाजूने झुकलो, हे लपवीत नाही. आमच्याकडे जुन्या जलवास्तूंविषयी लिहिणारे लेखक पायऱ्यांचे, कमानींचे आणि गारव्याचे वर्णन करण्यात रमतात आणि घागर घेऊन दूर तिष्ठत उभ्या असलेल्या बाईचा उल्लेख करायचे विसरतात. वकीलसाहेबांनीही प्रत्युत्तर केले नाही. "ते पाप आपलेच," एवढे म्हणून त्यांनी खालमानेने पंच्याचा शेव नीट केला.

मग गुरुजी त्यांच्या मुख्य मुद्द्याकडे आले. "वकीलसाहेब, दगडाचा अर्थ बांधणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. फ्लोरा फाउंटनला बार्टल फ्रिअरने जो अर्थ द्यायचा तो दिला असेल. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तो पुसला गेला. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आलेला, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचे घाटते आहे, विधानसभेवर मोर्चा निघालेला. गिरण्यांतले, गोद्यांतले, चाळींतले लोक या कारंज्यापाशी जमलेले. मोरारजीभाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधरा माणसे त्या दिवशी मेली. पुढे जानेवारीत, मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाल्यावर, पुन्हा गोळ्या चालल्या. एकशे पाच हुतात्मे असे तेव्हा मोजले गेले, नंतर आकडा एकशे सहावर गेला. १ मे १९६० रोजी राज्य झाले, त्याच वर्षी चौक हुतात्म्यांच्या नावाचा झाला, आणि फ्लोराच्या शेजारी मशाल हाती धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले. आता त्या चौकात रोमची देवता आणि परळचा कामगार शेजारशेजारी राहतात. तिला तिथून काढली तर ही माणसे कुठे जमली होती तेच पुसले जाईल."

"शेतकरी म्हणालात?" वकीलसाहेबांचा आवाज इतका खाली गेला की शेजारून घंटा वाजली तेव्हा पुढचे दोन शब्द मला ऐकू आले नाहीत. "... कोणता शेतकरी? त्या मशालीला हात लावलेला तो शेतकरी सौंसरचा आहे काय? गुरुजी, ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपले राज्य मध्य प्रदेशच होते, पण राजधानी नागपूर होती, हायकोर्ट नागपूरला होते, आणि राजभाषा हिंदी आणि मराठी अशा दोन होत्या. माझे वडील मराठीत दावा लिहीत, सकाळी निघून नागपुरास अपिलाची तारीख करीत आणि रात्री जेवायला घरी येत. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आपला छिंदवाडा जिल्हा हिंदी म्हणून भोपाळकडे राहिला, आणि त्याच्या बरोबर आपली मराठी तहसील. हायकोर्ट जबलपुरास गेले. वडिलांच्या दफ्तरात शेवटपर्यंत एकच तक्रार असे: पक्षकार मराठीत रडतो आणि मला त्याचे रडणे हिंदीत लिहावे लागते. ही आमची जाम नदी कन्हानला मिळते, कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. पाणी सरहद्द ओलांडते. खटला ओलांडत नाही. मुंबईतल्या त्या चौकात जे मिळविले ते मुंबईने मिळविले. आम्ही कापूस देऊन कारंज्यात भागीदार, आणि राज्य देण्याच्या वेळी त्रयस्थ!"

हे बोलणे केवळ गाऱ्हाणे म्हणून सोडून देता येणार नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत मराठी बोलली जाते, पोळा आणि महालक्ष्म्या येथेही तशाच होतात, मुलींची लग्ने काटोल-नरखेडात जमतात. आणि तरीही महाराष्ट्राचा इतिहास सांगणारी पुस्तके सीमाभाग म्हटला की बेळगाव-कारवारच्या पलीकडे क्वचितच जातात. बेळगावने आपला प्रश्न रस्त्यावर आणि न्यायालयात जागता ठेवला, आम्ही ठेवला नाही. आम्ही दोन्हीकडचे राहिलो आणि त्यात आम्हांला फारसे दुःखही झाले नाही, हे सत्य वकीलसाहेबांना कटू वाटेल.

गुरुजींनी मात्र उत्तर दुसऱ्याच बाजूने दिले, आणि वादाचा निकाल, माझ्या मते, तिथेच लागला. "आपण आता दर्शन घेऊन आलो. मारुतीच्या नाभीतून पाणी येते असे लोक मानतात, तुम्ही मानता, आणि ते तीर्थ घेण्यासाठी कुठकुठली दुखणाईत माणसे इथे येऊन राहतात. मी ते शास्त्राने तपासू पाहिले तर तुम्ही रागवाल."

"रागावेन."

"आणि तुमचे रागावणे योग्य ठरेल, कारण त्या थेंबाचे मोल पाण्यात नसून, शेकडो कोसांवरून आशा धरून आलेल्या माणसांत आहे. हे तुम्ही इथे मान्य करता. मग मुंबईत का करीत नाही? ज्या जागी माणसांनी आपले प्राण ठेवले, तिथला दगड विलायतेहून आला की सातपुड्यातून निघाला, हे बघणारे आपण कोण? आपल्याला राज्य मिळाले नाही, ते त्या मेलेल्या माणसांमुळे नव्हे. त्यांच्यात एखादा वऱ्हाडकडून गिरणीत गेलेला असेलही, नसेलही. मी तरी तिथे उभा राहिलो तेव्हा मला परके वाटले नाही."

वकीलसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुम्ही गेलात तेव्हा कारंजे चालू होते काय?"

"नव्हते. कोरडे होते, आणि तैलरंगाचे थरावर थर चढवून बाईचे नाकडोळे बुजविलेले होते. पुढे २०१६ साली दुरुस्ती हाती घेतली. रंग खरवडून मूळ दगड मोकळा केला, नळ बदलले, आणि २०१९ च्या जानेवारीत पाणी पुन्हा सुटले. भोवतालची जमीन उकरताना जुन्या ट्रामचे रूळ निघाले म्हणतात."

"म्हणजे तिलाही ताण पडला होता तर," वकीलसाहेब म्हणाले. आणि एवढी सवलत ते प्रतिपक्षाला सहसा देत नाहीत.

उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर माझाही एक फैसला नोंदवितो. कारंजे कोणाच्या वैभवासाठी उभारले याची चौकशी अवश्य व्हावी, आणि कापसाच्या तेजीचे प्रकरण मुंबईच्या इतिहासाइतकेच वऱ्हाड-नागपूरच्या इतिहासातही शिकविले जावे. या बाबतीत वकीलसाहेबांचा दावा मंजूर. परंतु सार्वजनिक वास्तूची मालकी ती बांधणाऱ्याकडून तिच्या भोवती जमणाऱ्याकडे जाते, आणि हे हस्तांतर कोणत्याही दस्तऐवजावाचून वैध असते. या बाबतीत गुरुजींचे म्हणणे मला निर्विवाद वाटते. फ्लोरा जिथे आहे तिथेच राहावी. हुतात्म्यांच्या स्मारकाला अभिवादन करणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकांना आमची इतकीच विनंती आहे की, ज्यांच्यासाठी ती मशाल पेटली त्यांतले काही लोक सरहद्दीच्या अलीकडे राहून गेले, ही नोंद त्यांनी आपल्या वहीत करून ठेवावी.

आमच्या बाजूने सांगावयाचे तर सौंसर आणि पांढुर्णा या दोन मराठी तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आला आहे. कलेक्टरची कचेरी त्यामुळे जवळ आली. अपील मात्र अजून जबलपुरासच करावे लागते.